विश्लेषण : उदगीरचे विजेते सदाशिवरावभाऊ पानिपतावर एकटे का पडले?

औसा आणि धारूर यांच्यामध्ये, बालाघाटाच्या डोंगररांगेत अंबाजोगाई येते. जानेवारी १७६० मध्ये निजामाची फौज याच पट्ट्यातून धारूर गाठण्याच्या प्रयत्नात होती. धारूरला तिची आणखी कुमक थांबलेली होती. ती भेट झालीच नाही. मराठ्यांनी निजामाला औशाजवळ घेरले आणि शरण यायला लावले. इतिहासात ही लढाई उदगीरची म्हणून ओळखली जाते. तिचे सेनापती होते सदाशिवरावभाऊ. त्यानंतर वर्ष पूर्ण व्हायच्या आत हेच भाऊ पानिपतावर मारले गेले, आणि मराठीला दारुण पराभवासाठी कायमचा एक शब्द मिळाला. असे नेमके काय बदलले?

सदाशिवरावभाऊ कोण होते?

वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांचा हा मुलगा. थोरल्या बाजीरावांचा पुतण्या आणि नानासाहेब पेशव्यांचा चुलतभाऊ. जन्म ऑगस्ट १७३० चा. आई रखमाबाई त्याच महिन्यात गेल्या. डिसेंबर १७४० मध्ये वडीलही गेले, तेव्हा भाऊ अवघे दहा वर्षांचे होते. पुढे साताऱ्यात रामचंद्रबाबा शेणवी यांच्या हाताखाली ते कारभार आणि हिशेब शिकले.

सोळाव्या-सतराव्या वर्षी कर्नाटकाच्या स्वारीने त्यांच्या लष्करी आयुष्याची सुरुवात झाली. १७५० मध्ये सांगोल्याचे बंड मोडण्यात आणि छत्रपतींच्या दरबारातील सत्ता पुण्याकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याच सुमारास कोल्हापूरकरांनी त्यांना आपली पेशवाई देऊ केली. घर फुटण्याची वेळ आली, तेव्हा महादोबा पुरंदरे दिवाणगिरीवरून बाजूला झाले आणि ते पद भाऊंकडे आले. पुढची दहा वर्षे पेशवाईचा जमाखर्च त्यांच्या हातात राहिला. भाऊ म्हटले की घोड्यावरचा तलवारबहाद्दर डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्याचा बराच भाग वह्या, वसुली आणि सावकारांची देणी यांत गेला. पुढे काय घडले ते समजायला हे लक्षात ठेवावे लागते.

उदगीरला मराठे कसे जिंकले?

निजामाकडे म्हणजे सलाबतजंग आणि निजामअली या भावांकडे तोफा होत्या, पण फौज संथ चालणारी होती. भाऊंनी तिच्याभोवती घोडदळाचे कडे केले. दाणावैरण तोडली, कुमकेची वाट अडवली आणि शत्रू थकल्यावर ३ फेब्रुवारी १७६० रोजी निर्णायक हल्ला केला. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, असीरगड, विजापूर, बुऱ्हाणपूर अशी ठाणी मिळाली.

हे यश दख्खनच्या भूमीवरचे होते. वाटा ठाऊक होत्या, गावे ओळखीची होती, पुणे मागे होते. शत्रूच्या फौजेला उपाशी ठेवून तिला हवे तिथे थांबवायचे, ही उदगीरची युक्ती होती. पानिपतावर ती वापरली गेली, पण भाऊंच्या विरोधात.

मग उत्तरेत जायची वेळ का आली?

१७५८ मध्ये रघुनाथरावांच्या नेतृत्वाखाली मराठे अटकेपर्यंत पोहोचले होते. नाव मोठे झाले. तिजोरीत मात्र काही आले नाही, उलट सुमारे ८० लाखांचे कर्ज झाले. दिवाण म्हणून भाऊ त्यावर नाराज होते. इकडे अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली परत आला आणि १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. ही बातमी दख्खनेत पोहोचली तेव्हा उदगीरचा तह नुकताच झाला होता.

मराठवाड्यातल्याच परतूरला मसलत बसली. रघुनाथरावांऐवजी भाऊंना पाठवायचे ठरले आणि सोबत नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव द्यायचा. १४ मार्च १७६० रोजी फौज निघाली. भाऊंनी याआधी उत्तरेत एकही मोहीम चालवलेली नव्हती. जिथे पैसा उडाला म्हणून त्यांनी रघुनाथरावांना बोल लावले, तिथेच ते कमी पैशांत निघाले होते.

मित्र का मिळाले नाहीत?

पानिपताची चर्चा इथेच अडकते. लोकप्रिय उत्तर सोपे आहे : भाऊ उद्दाम होते, त्यांनी जाटांचा राजा सूरजमलला दुखावले. बायका-मुले आणि जड तोफा मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा त्याचा सल्ला भाऊंनी मानला नाही. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आल्यावर दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले गेले, तेही त्याला रुचले नाही. दिल्लीचा ताबा कोणाकडे राहणार यावरूनही बिनसले आणि तो निघून गेला. हे खरेच आहे. छत काढण्याची वेळ फौजेचा पगार थकल्यामुळे आली होती, हेही तितकेच खरे.

पण सारा दोष एका माणसाच्या स्वभावावर टाकला की आधीची दहा वर्षे नजरेआड होतात. जयपूरच्या ईश्वरीसिंहाने मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्यापायी १७५० मध्ये आत्महत्या केली. १७५४ मध्ये मराठ्यांनी याच सूरजमलच्या कुंभेरला वेढा घातला होता. मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव तिथेच मारला गेला. १७५५ मध्ये नागोरला जयाप्पा शिंदे यांचा खून झाला आणि मारवाडशी वैर पक्के झाले. यातले काहीही भाऊंनी केले नव्हते. तरी राजपूत तटस्थ राहिले तेव्हा त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली.

अवधचा नवाब शुजाउद्दौला आपल्याकडे यावा, निदान तटस्थ राहावा, यासाठी भाऊंनी पत्रव्यवहार केला. रोहिल्यांचा सरदार नजीबखान मात्र स्वतः जाऊन त्याला अब्दालीच्या छावणीत घेऊन आला. एकाने पत्रे पाठवली, दुसरा स्वतः गेला.

मराठी आठवणीत अब्दाली हा काळाकुट्ट जुलमी म्हणून उरला आहे. त्याच्या फौजांनी १७५७ मध्ये मथुरेत केलेली कत्तल पाहता ते स्वाभाविकही आहे. पण पानिपतावर त्याची बाजूही मोटच होती. त्यात अफगाण, रोहिले आणि अवधची फौज होती. शुजाच्या चाकरीतले अनुपगिरी गोसावी आणि त्यांचे नागा साधूही त्याच बाजूला लढले. इकडे भाऊंचा सर्वांत भरवशाचा तोफखाना पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेल्या इब्राहिमखान गारद्याकडे होता. त्यामुळे ही लढाई दोन धर्मांची होती, असे म्हणणाऱ्यांना आधी या दोघांचा हिशेब द्यावा लागेल. अब्दालीने आपली मोट शेवटपर्यंत बांधून ठेवली. भाऊंची दिल्लीतच सुटली.

पानिपतावर कोंडी कशी झाली?

१७ ऑक्टोबरला मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेचे कुंजपुरा घेतले. तिथे धान्याचा मोठा साठा मिळाला. यमुनेला पूर असताना अब्दाली नदी ओलांडणार नाही, असा अंदाज होता. त्याने २५ ऑक्टोबरला बागपतजवळ ती ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला.

कागदावर दोघेही अडकले होते, कारण अब्दालीचीही काबूलची वाट भाऊंच्या पलीकडे होती. फरक पुरवठ्याचा होता. अब्दालीला यमुनेपलीकडून रोहिलखंडाचे धान्य येत होते. भाऊंना पतियाळाच्या आलासिंगाकडून थोडीफार रसद मिळत होती, पण लढणाऱ्या ४५ ते ६० हजार माणसांसोबत यात्रेकरू, बाजारबुणगे आणि कुटुंबकबिला होता. त्या सर्वांची तोंडे भरायची होती. डिसेंबरमध्ये बळवंतराव मेहेंदळे चकमकीत पडले. रोहिल्यांची रसद तोडण्याची कामगिरी असलेले गोविंदपंत बुंदेलेही त्याच महिन्यात मारले गेले, आणि पैसा-धान्याची शेवटची आशा संपली. औशाला निजाम ज्या जागी होता, त्या जागी आता भाऊ होते : जड तोफा, संथ फौज, तुटलेली दाणावैरण.

१४ जानेवारीला काय झाले?

उपाशी मरण्यापेक्षा लढून वाट काढावी, असे ठरले. मध्ये कुटुंबे आणि भोवती फौज असा गोल करून सरकायचे होते. इब्राहिमखानाच्या तोफांनी सकाळी रोहिल्यांची दाणादाण उडवली, पण विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार पुढे सरसावल्याने गोल फुटला आणि तोफांसमोर आपलीच माणसे आली. मधल्या फळीत भाऊंच्या हुजुरातीने वजीर शाहवलीखानाला जवळजवळ मोडून काढले होते. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली. अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरच्या जंबुरका पुढे आणल्या. मराठ्यांकडे राखीव असे काही नव्हते. मल्हारराव होळकर रणातून निघाले. भाऊ गेले नाहीत.

हा दिवस संक्रांतीचा होता, असे सर्रास लिहिले जाते. मकरसंक्रांत सुमारे ७० वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १८६३ मध्ये ती १२ जानेवारीला होती. त्या हिशेबाने १७६१ ची संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांतीला पडले ते आदल्या वर्षी दत्ताजी.

भाऊंच्या मृत्यूबद्दल शंका का राहिली?

लढाईनंतर शिर नसलेला एक देह भाऊंचा म्हणून ओळखला गेला. शिर नंतर सापडले. शुजाउद्दौल्याच्या रदबदलीमुळे अंत्यसंस्कार झाले. पण त्यांना पडताना पाहिल्याचे खात्रीने सांगणारे फारसे कोणी परतले नव्हते. नानासाहेबांना पराभवाची बातमी उत्तरेकडे येत असताना वाटेतच, सावकारी सांकेतिक भाषेतल्या पत्रातून मिळाली. २३ जून १७६१ रोजी तेही वारले.

काही काळाने सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ असल्याचे सांगू लागला. त्याला कैदेत टाकले गेले. १७७६ मध्ये तो सुटला, कोकणात त्याच्यामागे माणसे आणि किल्ले गोळा झाले, आणि त्याच वर्षी पुण्यात चौकशी होऊन त्याला देहदंड झाला. इतकी वर्षे लोटल्यावरही भाऊ परत येतील असे मानणारे लोक होते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतातून वाचून परतल्या होत्या. त्यांनी वैधव्याची चिन्हे कधीच स्वीकारली नाहीत. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि पती-पत्नी दोघांचेही अंत्यविधी त्यानंतरच एकत्र करण्यात आले.