शिवणयंत्र घरोघरी पोहोचवणारे आयझॅक सिंगर

आपला माल वितरकाला विकून मोकळे व्हावे, की स्वतःचे विक्री प्रतिनिधी नेमून तो थेट ग्राहकापर्यंत न्यावा, हा प्रश्न प्रत्येक उत्पादकापुढे उभा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील आयझॅक मेरिट सिंगर आणि त्यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांना या प्रश्नाचे उत्तर अनुभवातून शोधावे लागले.

सिंगर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पिट्सटाऊन येथे झाला. लहान वयातच घर सोडून त्यांनी यंत्रकाम आत्मसात केले. परंतु त्यांचा ओढा रंगभूमीकडे होता. १८३९ मध्ये खडकाला छिद्रे पाडणाऱ्या यंत्राच्या पेटंटमधून मिळालेले दोन हजार डॉलर त्यांनी नाटकमंडळीवर खर्च केले. १८५० मध्ये बॉस्टन येथील एका कारखान्यात त्यांनी तेथील सदोष शिवणयंत्र पाहिले आणि त्यात सुधारणा केल्या. १२ ऑगस्ट १८५१ रोजी या यंत्राचे पेटंट त्यांना मिळाले. त्याच वर्षी वकील असलेले क्लार्क त्यांचे भागीदार झाले.

यंत्र तयार होते, मात्र भांडवल नव्हते. त्यातच एलियास हाउ यांनी पेटंटभंगाचा दावा लावला होता. १८५४ मध्ये तो मिटवण्यासाठी सिंगर यांना पंधरा हजार डॉलर द्यावे लागले. अशा परिस्थितीत एकेका प्रदेशातील विक्रीचे हक्क स्वतंत्र व्यापाऱ्यांना रोखीने विकण्याचा मार्ग भागीदारांनी अवलंबला. त्यामुळे पैसा त्वरित हाती आला आणि माल साठवण्याची जोखीम व्यापाऱ्यांवर गेली.

या पद्धतीचे दोष लवकरच उघड झाले. शिवणयंत्र ही ग्राहकाला सर्वस्वी नवी वस्तू होती. ते चालवून दाखवणे, शिकवणे, दुरुस्त करणे आणि सुटे भाग पुरवणे आवश्यक होते. केवळ खरेदी-विक्रीच्या नफ्यावर लक्ष ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला त्यात फारसे स्वारस्य नव्हते. फ्रान्समधील पेटंटचा हक्क १८५५ मध्ये तेथील एका व्यापाऱ्याला विकण्यात आला. त्याने पूर्ण रक्कम देण्यास आणि किती यंत्रे तयार होतात हे सांगण्यास टाळाटाळ केली. वितरकाच्या हाती सर्व सूत्रे गेल्यास उत्पादकाला स्वतःच्या मालाचीही माहिती मिळत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

क्लार्क यांनी विकलेले हक्क परत विकत घेण्याचे धोरण स्वीकारले. कंपनीच्या शाखा उघडण्यात आल्या आणि १८५९ पर्यंत त्यांची संख्या चौदा झाली. यंत्र चालवून दाखवणारी महिला, दुरुस्ती करणारा कारागीर, घरोघरी फिरणारा विक्रेता आणि वसुली पाहणारा व्यवस्थापक अशी शाखेची रचना होती. यंत्राची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असल्याने १८५६ मध्ये हप्त्यांची सोय सुरू करण्यात आली. मासिक वसुलीसाठी ग्राहकाच्या दारी जाणारा माणूस कंपनीचाच असणे सोयीचे ठरले. याची किंमतही होती. शाखांचा खर्च, मालाचा साठा आणि बुडीत उधारी हा सारा भार आता कंपनीवर आला.

खासगी जीवनातील अनेक विवाहबाह्य संबंध उघडकीस आल्यामुळे सिंगर यांना १८६० मध्ये मायदेश सोडावा लागला. १८६३ मध्ये भागीदारी संपुष्टात येऊन सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. २३ जुलै १८७५ रोजी इंग्लंडमधील पेंटन येथे त्यांचे निधन झाले. कंपनीची विक्रीव्यवस्था पुढे भारतातही आली. मुंबईचे पारशी व्यावसायिक नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी येथील कारभार दीर्घकाळ सांभाळला.

जी वस्तू ग्राहकाला परिचित आहे आणि विक्रीनंतर फारशी सेवा मागत नाही, तिच्यासाठी वितरक आजही सोयीचा ठरतो. परंतु जी शिकवावी लागते, दुरुस्त करावी लागते किंवा उधारीवर द्यावी लागते, तिच्यासाठी ग्राहकाशी स्वतः नाते जोडणे उत्पादकाच्या हिताचे असते. सिंगर यांच्या यंत्राइतकाच हा धडाही व्यापारजगताने पुढे आत्मसात केला.