लक्ष्मीबाईंचा उत्तरार्ध

लक्ष्मीबाई टिळकांचा परिचय आपल्याला बहुधा एका वाक्यात करून दिला जातो: फुलामुलांचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या पत्नी आणि 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका. परीक्षेपुरते मीही हे वाक्य पाठ केले होते. पण संपूर्ण 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर या वाक्याची दोन टोके मला जुळेनात. पतीच्या संसारात बुडून गेलेली ही बाई लेखिका झाली कधी? उत्तर शोधताना लक्षात आले, की त्यांचे बहुतेक मोठे काम पती गेल्यानंतरचे आहे. १९१९ साली टिळक वारले तेव्हा लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. आपल्याकडे या वयाच्या विधवा आईने जपमाळ घ्यावी, नातवंडे सांभाळावीत आणि मुलगा म्हणेल तिथे राहावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. लक्ष्मीबाईंनी नातवंडे सांभाळलीच, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरातून अकराव्या वर्षी ही मुलगी टिळकांच्या संसारात आली. टिळक प्रतिभावंत, दयाळू, तापट आणि कमालीचे लहरी. न सांगता निघून जाणारे, हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळे होणारे, बाजारहाटाला पाठवले तर दौत घेऊन परतणारे. लक्ष्मीबाईंनी या माणसावर जीव लावला, त्याच्याशी कडाडून भांडणही केले. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. जे काही वाचन आले ते घरातल्या घरात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाला राहिल्या. पती हयात असूनही जवळजवळ वैधव्यच त्यांच्या वाट्याला आले. त्यांची कविता याच दुःखात फुटली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण त्यांच्या मागे आंधळेपणाने गेल्या नाहीत. बराच काळ स्वतःचा धर्म स्वतः पाळला, मनातल्या जातिभेदाशी स्वतः झगडल्या, आणि मनाची खात्री पटल्यावरच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. म्हणजे उतारवयात दिसलेले त्यांचे स्वातंत्र्य एकाएकी उगवलेले नव्हते. त्याचे बी आधीच जमिनीत होते. एवढेच, की नगरच्या त्या भरल्या घरात, आश्रयाला आलेल्या पोरक्या मुलांच्या गोतावळ्यात आणि टिळकांच्या वादळी स्वभावापुढे त्याला वर यायला फुरसत मिळाली नाही.

टिळक गेल्यावर ती फुरसत मिळाली, असे म्हणणे कठोर वाटेल. त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण त्या दुःखाला कवटाळून कोपऱ्यात बसल्या नाहीत. मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचे काम त्यांनी पत्करले, पुढे थेट कराचीपर्यंत जाऊन राहिल्या. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या जलालपूरच्या मुलीने उतारवयात सिंधमधल्या परक्या शहरात बिऱ्हाड करावे, ही गोष्ट लहान नाही.

त्याहून मोठी गोष्ट 'ख्रिस्तायना'ची. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प टिळकांचा. पण दहा-अकरा अध्यायांवर त्यांची लेखणी थांबली. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. कोणी म्हणेल, हीदेखील पतिसेवाच. असेलही. पण ज्या कामात सुरुवात पतीची दहा-अकरा अध्यायांची आणि भर पत्नीची चौसष्टांची, ते काम अखेरीस कोणाचे म्हणायचे? हा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

'स्मृतिचित्रे'चा उगम तर याहून बोलका आहे. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईकडे आठवणी मागितल्या. आई लिहायला बसली ती टिळकांविषयी, पण कागदावर उतरू लागली ती स्वतः. मुलाने मागितला वडिलांचा वृत्तान्त आणि मिळाली आई! पहिला भाग १९३४ साली निघाला. चौथा भाग, टिळकांच्या पश्चातल्या दिवसांचा, अपुराच राहिला आणि १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले होते. त्याआधी १९३३ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाच्या वेळी भरलेल्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. शाळा न पाहिलेल्या बाईपुढे पदवीधर कवी बसले होते, हे चित्र मला मनोमन सुखावते.

या लेखात देवदत्त टिळकांविषयी मला विशेष आदर वाटतो, आणि त्याला एक खासगी कारण आहे. माझे वडील गेल्यानंतर आम्ही भावंडांनी आईचे सर्व काही ठरवून टाकले. तिने कोणाकडे राहायचे, वडिलांच्या पैशांचे काय करायचे, गावचे घर बंद ठेवायचे की भाड्याने द्यायचे, हे आम्ही तिच्यादेखत पण तिला न विचारता बोलत असू. तिला त्रास नको, ही भावना प्रामाणिक होती. दिवाळीत तिने शिवणयंत्र माळ्यावरून खाली काढायला सांगितले, तेव्हा मीच म्हटले, की आता या वयात कशाला दगदग? ती काही बोलली नाही. 'स्मृतिचित्रे' वाचताना तिचे ते गप्प बसणे मला वारंवार आठवले. देवदत्तांनी आईला विश्रांती देऊ केली नाही, तिच्या हाती काम दिले. आणि ते काम ठरल्या मार्गाने न जाता तिच्या मार्गाने गेले, तेव्हा त्यांनी ते अडवलेही नाही.

लक्ष्मीबाईंना वैधव्याने स्वतंत्र केले, असे मी म्हणणार नाही. वैधव्याने त्यांचा आधार काढून घेतला, आणि उभे कसे राहायचे हे त्यांना पंढरपूरच्या दिवसांपासून ठाऊक होते. आपल्या घरातल्या किती आयांना ते असेच ठाऊक असेल, हे त्यांना विचारल्याशिवाय कसे कळणार?

मे महिन्याच्या सुट्टीत गेलो, तेव्हा यंत्र खाली काढून त्याला तेल घातले. पट्टा मात्र तुटला होता. नवा कोणत्या दुकानातून आणायचा हे आईनेच सांगितले, आणि पैसेही तिनेच दिले.