संत मार्टिन डी पोरेस : मठातील मुक्या सोबत्यांचे कैवारी

वरूड परिसरातील संत्र्याच्या बागेत राखणीला कुत्रा नाही असे घर विरळाच. रविवारी कुटुंब मिस्सेला निघाले की तोही मागोमाग चर्चच्या दारापर्यंत येतो आणि मग त्याला हाकलावे की पायरीवर बसू द्यावे, यावर दोन मते पडतात. असाच प्रश्न चारशे वर्षांपूर्वी पेरू देशातील लिमा शहराच्या डोमिनिकन मठातही उभा राहिला होता. तेथे प्राण्यांची बाजू घेणारे ब्रदर म्हणजे संत मार्टिन डी पोरेस होत. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला, आपल्याकडे आंबिया बहाराच्या दिवसांत येतो.

मार्टिन यांचा जन्म ९ डिसेंबर १५७९ रोजी लिमा येथे झाला. वडील स्पॅनिश सरदार, आई आना वेलास्केझ ही गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री. मुलगा आईच्या वर्णावर गेला म्हणून पित्याने आरंभी त्यास आपले म्हटले नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास मार्टिन एका न्हाव्याकडे उमेदवारीस राहिले. त्या काळी न्हावी केवळ केस कापीत नसे. जखमा बांधणे व औषधोपचार करणे हेही त्याचेच काम असे. पुढे आयुष्यभर हीच विद्या त्यांच्या उपयोगी पडली.

पंधराव्या वर्षी ते मठात आले, परंतु व्रतस्थ म्हणून नव्हे, नोकर म्हणून. आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीस संघाचे पूर्ण सभासदत्व देण्यास तेथील कायद्याची मनाई होती. झाडलोट, केस कापणे आणि रुग्णसेवा ही कामे त्यांच्या वाट्याला आली. मठ कर्जात बुडाला तेव्हा आपणांस गुलाम म्हणून विकावे व ते फेडावे, असे त्यांनी वरिष्ठांना सुचविले. १६०३ साली नियम बाजूला सारून त्यांना व्रते घेऊ देण्यात आली.

मठातील कापडे उंदीर कुरतडू लागले तेव्हा त्यांना मारण्याचा बेत ठरला. मार्टिननी एका उंदराला पकडून समजावले की सर्वांनी बागेच्या टोकाला जावे, तेथे रोज अन्न मिळेल. आणि उंदीर गेले, अशी कथा आहे. रस्त्यावरची जखमी कुत्री-मांजरे ते बहीण हुआना हिच्या घरी ठेवून बरी करीत. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरविणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

मला मात्र या सर्वांहून म्हाताऱ्या कुत्र्याची हकिकत मोठी वाटते. मठाचा जमाखर्च पाहणाऱ्या धर्मबंधूंचा एक कुत्रा होता. अठरा वर्षे त्याने धन्याची सोबत केली. अखेर तो जर्जर झाला, अंगाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा धन्याने त्यास मारून टाकण्यास नोकरांना सांगितले. मार्टिननी ते कलेवर आपल्या खोलीत नेले आणि धन्याकडे जाऊन, इतक्या वर्षांच्या सेवेचे हेच का फळ, असा जाब विचारला. मठातील सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाने वरिष्ठास विचारलेला हा जाब होता. दुसऱ्या दिवशी कुत्रा जिवंत दिसला, असे चरित्रकार सांगतात. चमत्कार बाजूस ठेवला तरी कामातून गेलेल्या जिवाचे घरातील स्थान कोणते, हा त्यांचा प्रश्न उरतोच. पुढे त्या कुत्र्याने जुन्या धन्याकडे वळूनही पाहिले नाही म्हणतात!

३ नोव्हेंबर १६३९ रोजी मार्टिन यांनी देह ठेवला. १८३७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले व ६ मे १९६२ रोजी पोप जॉन तेविसावे यांनी संतपद बहाल केले.

चित्रांत त्यांच्या हाती झाडू असतो. हाती झाडू घेतलेला आणि देवाच्या नावाने होणारी पशुहत्या थांबवा म्हणून गावोगाव सांगणारा माणूस आपल्या अमरावती जिल्ह्यानेही पाहिला आहे. शेंडगावचे गाडगे महाराज. मार्टिन यांच्या चित्रात पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर असतात, तिघेही एकाच ताटलीत जेवत असलेले.