फाटक्या बुटांचा कोशकार

इंग्रजीच्या तासाला डॉ. सॅम्युएल जॉन्सन हे नाव आपण शब्दकोशकार म्हणून ऐकतो. मला मात्र ते जवळचे वाटले ते त्यांच्या बुटांमुळे.

लिचफील्ड या गावी १७०९ साली एका पुस्तकविक्रेत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. १७२८ मध्ये ते ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाले. मित्राकडून व्याख्यानांची टिपणे घ्यायला ते जवळच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात जात. बुटांतून पाय बाहेर दिसत असत. तेथील मुलांची नजर बुटांवर जाते आहे हे लक्षात येताच त्यांनी जाणेच बंद केले. कोणी तरी त्यांच्या दाराशी नवा जोड ठेवला, तो त्यांनी संतापाने फेकून दिला. दुसऱ्याचा सदरा घालून जो वर्गात बसला आहे, त्याला हा संताप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुढे पैशांअभावी सुमारे १३ महिन्यांतच, पदवीविना, त्यांचे कॉलेज सुटले.

१७३७ मध्ये ते लंडनला आले. एका मासिकाच्या मालकाकडे पाहुणा जेवायला आला असता, अंगावरचे कपडे जुनेर म्हणून जॉन्सन पडद्याआड जेवले आणि तिथूनच आपल्या पुस्तकाची स्तुती त्यांनी ऐकली!

१७४६ साली कोशाचे काम त्यांनी पत्करले. मुदत तीन वर्षांची सांगितली, लागली जवळजवळ नऊ. मधल्या काळात, १७५२ मध्ये, पत्नी वारली. १७५५ साली चाळीस हजारांवर शब्दांचा कोश दोन जाडजूड खंडांत निघाला. त्यात रोजच्या कपड्यांचे शब्दही आहेत. 'डब्लेट' म्हणजे उबेसाठी दुहेरी केलेली पुरुषाची आतली बंडी. 'गॅलिगॅस्किन्स' म्हणजे ढगळ तुमानी. हा शब्द आता थट्टेतच उरला आहे, असा शेराही जॉन्सन यांनी मारला आहे. वापरातून गेलेला शब्द त्यांनी टाकून दिला नाही. स्वतःच्या पेहरावाकडे मात्र त्यांचे लक्ष फारसे नसे. दृष्टी अधू, त्यामुळे मेणबत्तीशी वाकून वाचताना डोक्यावरचा केसांचा टोप पुढून करपत असे.

कोश बाहेर पडण्याच्या थोडे आधी ऑक्सफर्डने त्यांना एम. ए. ही पदवी दिली. १७८४ मध्ये ते वारले.

एक गोष्ट राहिली. तरुणपणी वडिलांनी त्यांना उटॉक्सेटरच्या बाजारातील पुस्तकांच्या दुकानावर यायला सांगितले होते. अभिमानापोटी ते गेले नाहीत. उतारवयात एका पावसाळी दिवशी ते त्या बाजारात गेले आणि वडिलांचे दुकान जिथे लागे, तिथे बराच वेळ बोडक्या डोक्याने भिजत उभे राहिले.