उलटं रीडिंग

मायकेल फॅरेडे म्हटलं की आपल्याला इंडक्शनचा नियम आठवतो आणि पाठोपाठ व्हायवा! आमच्या कॉन्व्हेंटच्या टेक्स्टबुकातही त्याची ओळख तेवढीच होती. मला मात्र हा माणूस आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी.

त्याचा जन्म १७९१ चा. वडील लोहार, घरात गरिबी, शाळा लिहिण्या-वाचण्यापुरतीच. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये बुकबाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढू लागला. १८१२ मध्ये त्याने हंफ्री डेव्ही यांची लेक्चर्स ऐकली, नोट्स काढल्या, त्या बाइंड करून त्यांनाच पाठवल्या. पुढच्याच वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचा मदतनीस झाला.

१८२१ मध्ये डेव्हींनी दाखवून दिलं की धातू तापला की त्यातून वीज कमी वाहते, म्हणजेच रेझिस्टन्स वाढतो. १८३३ मध्ये फॅरेडेने सिल्व्हर सल्फाइड तापवलं, तर उलटंच! तापलं की वीज सहज वाहायची, थंड झालं की अडायची. गुरूंच्या निष्कर्षाच्या अगदी विरुद्ध. कारण त्याला सांगता येईना, गणितही त्याचं कच्चं. तरी त्याने ते रीडिंग खोडलं नाही. जसं दिसलं तसं लिहून छापलं.

कारण कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९३१ मध्ये अ‍ॅलन विल्सन यांनी सेमीकंडक्टरची थिअरी मांडली. उष्णतेने इलेक्ट्रॉन मोकळे होतात, म्हणून रेझिस्टन्स घटतो. आज डिजिटल थर्मामीटरमधला थर्मिस्टर याच गुणावर चालतो.

प्लास्टिकमध्ये कार्बनची पूड मिसळली तर आणखी वेगळी गंमत. करंट वाढून ते तापलं की प्लास्टिक फुगतं, कार्बनच्या कणांची साखळी तुटते आणि रेझिस्टन्स हजारो पटींनी चढतो. थंड झालं की साखळी पुन्हा जुळते. कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला जपणारा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज तो हाच. योगायोग बघा, रबर या नैसर्गिक पॉलिमरमध्ये कार्बन आणि हायड्रोजन किती, हे १८२६ मध्ये शोधणाराही फॅरेडेच!

रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारून हा माणूस शेवटपर्यंत साधाच राहिला. १८६७ मध्ये तो गेला.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला एखादा पॉइंट ग्राफच्या रेषेबाहेर पडला, तर खोडरबर उचलायच्या आधी रीडिंग पुन्हा घेऊन बघा. आणि पुन्हा तेच आलं, तर जर्नलमध्ये तेच लिहा. सर सही करतात की नाही, ते नंतर बघू!