काळ्या दगडाचा अभ्यासक : सर लुईस ली फर्मोर

भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन मी बालाघाटला आलो, तेव्हा दोन-तीन वर्षे काढून परत पुण्याला जायचे असा बेत होता. पाहता पाहता नोकरी संपली, पण बालाघाट सुटले नाही. आपल्या वसाहतीतील बहुतेकांची कहाणी थोडीफार अशीच आहे. ज्या काळ्या दगडाने आपल्याला येथे आणले, त्याचा पहिला सविस्तर अभ्यास करणाऱ्या माणसाची ओळख या स्मरणिकेतून करून द्यावी, असे मनात आले.

लुईस ली फर्मोर यांचा जन्म १८८० साली लंडनमध्ये झाला. खाणशास्त्राचे शिक्षण घेऊन १९०२ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, कलकत्त्यास रुजू झाले. पोलाद बनवताना मँगनीज लागतेच. त्यामुळे त्या काळी भारतातील खनिजाला परदेशातून मोठी मागणी येऊ लागली होती. १८९० च्या दशकात विशाखापट्टणम भागात आणि त्यानंतर नागपूरकडे खाणी सुरू झाल्या होत्या. पण साठे कोठे आहेत, किती आहेत आणि ते बनले कसे, याचा एकत्रित हिशेब नव्हता. तो मांडण्याचे काम या तरुणाकडे आले.

हिवाळ्यात तंबू घेऊन रानात हिंडायचे आणि पावसाळ्यात कलकत्त्याला बसून लिहायचे, असा तेव्हाचा क्रम. झाबुआतील काजलीडोंगरी, छिंदवाड्यातील सीतापार, नागपूर, भंडारा आणि आपला बालाघाट हे सारे त्यांनी तपासले. १९०९ मध्ये त्यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हजाराहून अधिक पानांचे हे काम पुरे झाले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आतच होते!

येथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका जंगलात बोअर घ्यायची जागा मी नकाशावरून ठरवली. सोबतच्या वयस्क गोंड मजुराने नाल्यातले काळे, जड गोटे दाखवले आणि वरच्या अंगाला बोट केले. मी लक्ष दिले नाही. बोअर पूर्ण कोरडे गेले, खर्च वाया गेला. पुढच्या हंगामात नाल्याच्या वरच्या बाजूला चर खणला, तर खनिजाचा पट्टा तेथेच निघाला. त्या मजुराचे नाव कोणत्याही अहवालात आले नाही. माझ्या अहवालातही नाही, याची खंत आजही आहे.

त्यानंतर फर्मोर यांचा ग्रंथ नीट वाचला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ नाव दिले होते, ते या गोंड लोकांवरून. आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव आहे. आमचे अनेक साठे गोंडाइट बदलून तयार झाले, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधकांनी ते सुधारले. मूळ मँगनीजचा गाळच उष्णता व दाबाने बदलून बरेचसे खनिज झाले, असे आता मानतात. तरी त्यांनी टिपलेली निरीक्षणे अजून उपयोगी पडतात. सीतापारला सापडलेल्या एका खनिजाला १९१० मध्ये त्यांच्या सन्मानार्थ ‘फर्मोराइट’ नाव मिळाले.

१९३२ ते १९३५ ते सर्वेक्षणाचे संचालक होते. आजची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. १९३५ मध्येच त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १९५४ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

या यशाची किंमतही होती. मुलगा पॅट्रिक १९१५ मध्ये लंडनला जन्मला आणि तिकडेच वाढला. वडिलांचा सहवास त्याला फार थोडा लाभला. पुढे संसारही मोडला. तो मुलगा नामवंत प्रवासलेखक झाला. मुलांना शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास ठेवून खाणीवर राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे समजून घ्यायला जड जाणार नाही.

भरवेलीच्या वाटेवर काळा दगड दिसला, तर एकदा हातात घेऊन पाहावा. त्याचे वजन जाणवले की फर्मोर आठवावेत, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला बोट करणारा तो मजूरही.