मातीच्या भिंतींचे घर

वऱ्हाडात वैशाख लागला की दुपारी वाटा ओस पडतात. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे गाव आहे. अशा गावात भर दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही. परंतु जवळच्याच एखाद्या जुन्या, जाड मातीच्या भिंतींच्या घरात पाऊल टाकले की अंगाची काहिली शमते. मातीत उष्णता फार सावकाश शिरते. दिवसा तापलेल्या भिंतीची ऊब आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो आणि दारे-खिडक्या उघडून रात्रीचा वारा आत घेता येतो. पत्र्याची भिंत मात्र उन्हाबरोबर तापते व थंडीबरोबर गारठते. वर्धा नदीच्या पलीकडेही उन्हाळा असाच कडक असतो. तेथील सेगाव नावाच्या लहानशा खेड्यात 1936 साली महात्मा गांधींचे घर बांधावयाचे ठरले, तेव्हा भिंती मातीच्याच असाव्यात असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह त्या वर्षी जन्मला नव्हता. तो बत्तीस वर्षे त्यांच्या मनात वाट पाहत होता.

गांधीजींचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदर येथे एका तीन मजली जुन्या घरात झाला. पुढे ते विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले व दक्षिण आफ्रिकेत वकिली करू लागले. 1904 साली त्यांनी दरबान शहराजवळ फिनिक्स येथे शंभर एकर जमीन घेतली व आपला छापखाना तेथे हलविला. प्रत्येकाने अंगमेहनत करून पोट भरावे, असा त्या वसाहतीचा संकल्प होता. तेथील घरे शेतकऱ्याला शोभतील अशी, मातीच्या भिंतींची व गवताने शाकारलेली, नाही तर लहानशी विटांची असावीत, अशी गांधीजींची इच्छा होती. पण हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, त्या ठिकाणी मातीचे घर पत्र्याच्या घराहून महाग पडते आणि वेळही अधिक लागतो. सर्वांना तर लवकर स्थायिक होण्याची घाई! अखेर नालीदार पत्र्याचीच घरे उभी राहिली.

सहा वर्षांनी, 1910 साली, जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म निघाले. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या लोकांच्या बायकामुलांना आसरा हवा होता. गांधीजींचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी आपली अकराशे एकर जमीन त्यासाठी दिली. कॅलनबाख स्वतः नामांकित वास्तुशिल्पज्ञ होते. तरीही भिंती पुन्हा पत्र्याच्याच झाल्या, कारण त्या थोड्या दिवसांत उभ्या राहत. 1917 साली अहमदाबादेजवळ साबरमतीच्या काठी आश्रम हलविला, तेव्हा आरंभीचे दिवस तंबूत गेले व स्वयंपाक पत्र्याच्या छपराखाली होई. ज्याला घाई आहे त्याला पत्रा सोयीचा वाटतो, आणि गांधीजींचे आयुष्य तर धावपळीतच चालले होते.

30 एप्रिल 1936 रोजी ते प्रथम सेगावी राहावयास आले, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या आरंभी रक्तदाबाच्या विकाराने ते आजारी होते. गावात धड रस्ता नव्हता. सापांचा व हिवतापाचा उपद्रव होता. जमनालाल बजाज यांना ही चिंता वाटणे साहजिकच होते. त्यांनी मनात आणले असते, तर चुना-विटांची प्रशस्त वास्तू सहज उठविली असती. गांधीजींना ते मान्य नव्हते. गावातील माणसांच्या हातांनी व भोवतालच्या सामानाने जे बांधता येईल, तेच त्यांना हवे होते. या कामाची देखरेख मीराबेन या त्यांच्या शिष्येने पाहिली.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात : काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते, म्हणून भिंतीच्या कामी येत नाही. त्यासाठी पांढरी माती भिजवून, तिच्यात काडाचा भुसा मिसळून, पायांनी तुडवून चिखल करतात. एक थर वाळला की त्यावर दुसरा चढवितात. सेगावच्या घरासाठी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू हेच सामान वापरले. खर्च पाचशे रुपयांच्या आत राहिला. जूनमध्ये भर पावसात गांधीजी वर्ध्याहून पायी चालत तेथे राहावयास आले. एकाच मोठ्या खोलीत ते, कस्तुरबा व इतर मंडळी आपापला कोपरा धरून राहत. खान अब्दुल गफारखानही पाहुणे म्हणून तेथे राहिले. हेच आदिनिवास.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस गांधीजींना हिवताप आला व त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात न्यावे लागले. सेगाव सोडावे असे सुचविण्यास याहून सबळ कारण कोणते? बरे होताच ते पुन्हा त्याच घरी परतले. खेड्यातील घर हवेशीर व उजेडाचे असावे आणि त्याचे सामान पाच मैलांच्या परिसरात मिळणारे असावे, हा विचार त्यांनी 1937 च्या जानेवारीत आपल्या ‘हरिजन’ पत्रात मांडला. सेगावात तो आधीच अनुभवास आला होता.

आदिनिवासात गर्दी वाढली, तेव्हा मीराबेनने स्वतःसाठी बांधलेली लहान कुटी गांधीजींना दिली. पुढे ती बापू कुटी म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या भिंतींवर मीराबेनने मातीनेच ताडाची झाडे व चरखा उठविला आहे. भोवतीच्या पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही व पावसाचा माराही चुकतो. मातीच्या भिंतीला या दोहोंपासून जपावेच लागते. कवेलूंच्या फटींतून वर चढलेली ऊन हवा बाहेर पडते. अशा घराला श्रम मात्र फार. वाळवी लाकूड पोखरते, पावसाने पोपडे निघतात, पुन्हा पुन्हा लिंपण करावे लागते. साप दिसला तर त्याला चिमट्याने धरून पिंजऱ्यात ठेवीत आणि रानात नेऊन सोडीत.

सेगाव व बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव यांच्या टपालाचा घोटाळा होई, म्हणून 1940 साली गावाचे नाव सेवाग्राम ठेवले गेले. या मातीच्या घरात देशोदेशीचे पाहुणे चटईवर बसून राजकारणाची गहन बोलणी करीत. व्हाइसरॉयच्या सरकारला गांधीजींशी तातडीने बोलावे लागे. त्यासाठी टेलिफोनची तारही अखेर तेथवर आली.

1946 च्या ऑगस्टमध्ये गांधीजी दिल्लीस गेले. नंतर नौखाली, बिहार, कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला आणि 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत त्यांचा अंत झाला. सेवाग्रामला परत येणे घडले नाही. त्यांची कुटी तेथे उभी आहे आणि तिच्या भिंतींना वेळोवेळी नव्या मातीचा हात द्यावा लागतो.